मामा, ते ‘रक्तातच शिस्त नाही’ पुढे पाठवणं थांबव

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाने मागच्या महिन्यात एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असेल. ‘कटू आहे पण सत्य आहे’ अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. एक, नागरी शिस्त आपल्या रक्तातच नाही, जपान-सिंगापूर बघा. दोन, घरात ओला-सुका कचरा वेगळा करणं हे नाटक आहे, गाडीत सगळं एकत्रच होतं. तीन, इथे फक्त दंडुका चालतो. चार, घाण झोपडपट्टीतले अडाणी लोक करतात, सुशिक्षितांना शिकवू नका. पाच, समाज बदलायला शंभर वर्षं लागतील, तोवर एकट्यादुकट्याने जीव काढून उपयोग नाही.

असले मेसेज मी वाचून सोडून देते. हा सोडून देता आला नाही, कारण माझ्या आईने तो खरा धरला.

आई अडुसष्ट वर्षांची. गेली सात-आठ वर्षं आमच्याकडे ओट्याखाली दोन डबे आहेत. दुधाच्या पिशव्या ती विसळून खिडकीच्या गजाला चिमट्याने लावते, वाळल्या की सुक्यात टाकते. काही फुटलं तर काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर पेनाने ‘काच’ असं लिहायची तिची पद्धत. मामाचा मेसेज वाचून म्हणाली, “अगं, गाडीत एकत्रच करतात म्हणे. मग मी कशाला पाणी वाया घालवत बसू?” दुसऱ्या दिवसापासून एकच पिशवी. मी दोनदा बोलले, मग कामाच्या गडबडीत राहून गेलं.

त्याच आठवड्यात लोणच्याची बरणी फुटली आणि मेथीच्या देठांबरोबर त्याच पिशवीत गेली. सकाळी ऑफिसला निघाले तर कचरा न्यायला येणाऱ्या मावशी पार्किंगमधल्या नळाखाली हात धरून उभ्या. अंगठ्याच्या मुळाशी बोटभर लांब चीर, आणि काचेला लोणच्याचा खार लागलेला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुमच्या घरची पिशवी मी कधी चाचपून बघत नाय.” आई हळदीचा डबा घेऊन धावत खाली आली. मी मावशींना दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि तीन टाके. चार दिवस त्यांची सून कामावर आली.

म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते. बाकीचे त्यानंतर.

‘गाडीत एकत्रच होतं.’ काही ठिकाणी होतं. वेगळा दिलेला कचरा एकाच गाडीत उलटताना मीही पाहिलंय, आणि तेव्हा माझाही संताप झालाय. तेवढं खरं आहे. पण हे लिहिणाऱ्याने गाडी येण्याच्या आधीचा तास पाहिलेला नाही. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारखी माणसं तिच्या पाठीशी होती. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. या बायकांची कमाई दोन वाटांनी होते: घरटी मिळणारे पैसे आणि सुका माल विकून येणारे पैसे. गाडी यायच्या आधी गेटजवळ ताडपत्री पसरून पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, कडक प्लास्टिक, पन्नी असं त्या निवडून बाजूला काढतात आणि ते भंगारवाल्याकडे जातं. गाडीत चढतं ते उरलेलं. तुमच्या वरणाने भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव पाडतो, नाहीतर घेतच नाही. म्हणजे तुम्ही कचरा वेगळा करता तो मुळात गाडीसाठी नाहीच. तो त्या हातांसाठी आहे. एकत्र दिलात तरी कुणीतरी तो वेगळा करणारच आहे, फक्त तुमच्या डब्यात करायच्या ऐवजी नासलेल्या भाजीत कोपरापर्यंत हात घालून.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचंही तेच. ते नीट गुंडाळून द्यावेत, २०१६ च्या घनकचरा नियमांत हे स्पष्ट लिहिलं होतं. वर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी उघडावी लागणार नाही, हे तर पुण्यात मोहीम काढून घरोघर सांगितलं गेलं. एका ठिपक्याला किती वेळ लागतो? ‘नाटक’ हा शब्द लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याच्या घरची ती पुडी हाताने उघडली असती, तर हा मुद्दा लिहिला नसता.

आता रक्त. हा मुद्दा ऐकायला सगळ्यात दमदार, कारण ‘तोच भारतीय सिंगापूरला उतरला की कागद खिशात ठेवतो’ हे पुढे जोडलेलं असतं. पण मग ते वाक्य नीट वाचा ना! काही तासांच्या विमानप्रवासात कुणाचं रक्त बदलतं का? माणूस तोच, आजूबाजूचं बदललं आणि तो वेगळा वागला. लिहिणाऱ्याने स्वतःचाच मुद्दा स्वतः खोडून ठेवलाय.

याचा उत्तम पुरावा नेदरलँड्समधला आहे. तिथल्या ग्रोनिंगेन शहरात संशोधकांनी एका गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवले. जवळ कचऱ्याचा डबा नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा १०० पैकी ३३ जणांनी कागद तिथेच टाकला. त्याच भिंतीवर रंगाने गिरगटून ठेवलं, तेव्हा ६९ जणांनी. हे २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलंय. लोक डच, गल्ली तीच, सायकली त्याच. भिंत खराब दिसली आणि कागद टाकणारे दुपटीहून जास्त झाले. आपल्या कोपऱ्यावरच्या ढिगाचं दुसरं काय असतं? पहिली पिशवी टाकायला धीर लागतो, दहावी टाकताना कुणी इकडेतिकडे बघतही नाही.

आणि जपान. सप्टेंबर १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे यांना कचऱ्याविरुद्ध चक्क ‘युद्ध’ पुकारावं लागलं. शहराचा बहुतेक कचरा कोटो या एका भागातून नेऊन टाकला जायचा. गाड्यांची रांग, गळणारं पाणी, माश्या. सुगिनामी भागातले लोक मात्र आपल्याकडे कचरा जाळायची भट्टी होऊ देत नव्हते. शेवटी १९७३ मध्ये कोटोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचरागाड्या अडवल्या. हे वाचताना मला पुण्याचा कचरा जिथे नेऊन टाकला जायचा ती उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं आठवली. तिथल्या लोकांनी पुण्याच्या गाड्या किती वेळा अडवल्या! त्यांच्या विहिरींचं पाणी आपल्या कचऱ्याने नासलं आणि आपण पेपरात ‘शहरात कचराकोंडी’ एवढंच वाचलं. जपानी माणूस कचरा वेगळा करतच जन्माला आला नव्हता. भांडून, अडवून, भट्ट्या कुठे बांधायच्या यावर वर्षानुवर्षं डोकं फोडून तिथे ती घडी बसली.

दंडुका. दंड नकोच असं मी म्हणत नाही. उघड्यावर टाकणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. पण नुसत्या दंडाचं काय होतं हे आपण महाराष्ट्रात पाहिलंय. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पहिल्यांदा सापडलात तर ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. यापेक्षा मोठा दंडुका कुठला? पहिल्या महिन्यात मंडईत सगळे घाबरून होते. आज जाऊन कोथिंबीर घ्या आणि कशात घालून देतात ते बघा. सिंगापूरचंही अर्धंच सांगतात. तिथली नदी १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं साफ केली गेली. काठावरच्या फेरीवाल्यांना नुसतं हुसकावलं नाही, नळ आणि गटार असलेल्या बाजारांत गाळे दिले. भांडी धुवायला जागाच नसेल तर माणूस खरकटं पाणी नदीत ओतणारच, मग दंड कितीही ठेवा.

चौथ्या मुद्द्यावर फार लिहीत नाही, वाचताना मान खाली गेली. आमच्या सोसायटीत सगळे पदवीधर. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे खोके आमच्याकडेच येतात, आणि खत करायचा खड्डा आहे त्यावर फळ्या टाकून स्कूटर लावल्यात. वस्तीतल्या घरात टाकण्यासारखं असतंच किती? तिथे ढीग दिसतो, कारण तिथे गाडी आत शिरत नाही.

राहिली शंभर वर्षं. सुरतेत सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेग आला. लाखो माणसं मिळेल त्या गाडीने पळाली, त्यात लिंबायत-उधन्याला राहणारे खानदेशातले आपले कामगारही होते. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी विभागांना अधिकार वाटून दिले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी कार्यालय सोडून रस्त्यावर उतरवलं, रात्रीची झाडलोट सुरू केली, तक्रारीला मुदत घातली. दंडही केले, पण नुसते दंडच नाहीत. १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेने सुरतेला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं. माणसं तीच होती, प्लेगमधून पळून गेलेली आणि परत आलेली. शंभर वर्षं सोडा, दोनही लागली नाहीत. आयुक्त बदलले की घडी विस्कटते हे मला ठाऊक आहे आणि ती भीती खरी आहे. पण घडी विस्कटण्याची भीती वेगळी आणि ‘आपल्याकडे होणारच नाही’ वेगळं.

आईने दोन्ही डबे पुन्हा ठेवलेत. काचेची पुडी आता ती पिशवीत टाकतच नाही, मावशी आल्या की हातात देते आणि तोंडाने सांगते. मामा, तुला अजून तो मेसेज खरा वाटत असेल तर सोमवारी पावणेआठला आमच्याकडे ये. मावशी गेटपाशी ताडपत्री पसरतात. टाके निघालेत, पण अंगठा अजून नीट वळत नाही त्यांचा. तो दुसरा मुद्दा तू त्यांनाच वाचून दाखव.