‘चौकशी चालू आहे’ म्हटलं म्हणून तोंड बंद?

सावित्रीचा पूल, तिवरे धरण, वैभववाडीचा रेल्वे अपघात अशी दुर्घटनांची नावं एकाखाली एक लिहिलेला एक मजकूर कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. त्याचं सार असं: मंत्र्यानं संसदेत ‘चौकशी चालू आहे’ म्हटलं की कायद्यानं पुढे विचारता येत नाही. रेल्वेची चौकशी रेल्वेच करते. अहवाल सरकार खुशाल दाबून ठेवू शकतं. मंत्री सभागृहात खोटं बोलला तरी कुणी काही करू शकत नाही. आणि आयोगानं ठपका ठेवला तरी कुणी तुरुंगात जात नाही, म्हणजे सगळी मिलीभगत. खाली सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणून मोकळे. माणसं चिडलीत ते समजतं, पण मजकुरातलं काही साफ चूक आहे आणि काही अर्धवट.

पहिलाच मुद्दा घ्या. लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम 41 प्रमाणे चौकशी आयोगापुढे असलेल्या विषयावर सहसा प्रश्न विचारता येत नाही, हे खरं. पण त्याच नियमात पुढे सवलत आहे: चौकशीला बाधा येत नसेल तर तिची कार्यपद्धती, विषय आणि टप्पा याबद्दल विचारता येतं. म्हणजे ‘दोषी कोण?’ हे अडेल. ‘मुदतवाढ किती वेळा दिली, अहवाल कधी येणार?’ हे अडायचं कारण नाही.

खरी पळवाट उत्तराच्या मांडणीत असते. लोकसभेतलं कुठलंही लेखी उत्तर काढून बघा. खासदारानं पाच उपप्रश्न पाडलेले असतात आणि मंत्रालय पुष्कळदा ‘(क) ते (ङ)’ असं लिहून पाचांचं एकच कडबोळं वळतं. तारीख विचारलेला उपप्रश्न त्यातच विरघळतो. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न असेल तर उत्तरावर लगेच विचारायच्या पुरवणी प्रश्नात मंत्र्याला उभ्या उभ्या पकडता येतं. पण दिवसाला असे 20 प्रश्न आणि वेळ एक तास, त्यामुळे तोंडी उत्तरापर्यंत मोजकेच पोचतात. तरीही ‘चौकशी करून सदस्यांना कळवू’ असं मंत्री बोलला, तर ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते आणि त्यावर नजर ठेवायला 1953 पासून लोकसभेची स्वतंत्र समिती आहे. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांच्यासारखे खासदार दिल्लीला पाठवणाऱ्या कोकणाला हे नव्यानं सांगावं लागतंय, याची गंमत वाटते.

शिवाय सभागृहातल्या प्रश्नांतून मंत्री गेलेला आहे. 1957 साली आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांवरून फिरोझ गांधींनी लोकसभेत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना धारेवर धरलं. त्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाच्या न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

रेल्वेचं म्हणणं तर सरळ चूक. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ रुळावर दरड आली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. प्रवासी गाडीच्या अपघातात जीव गेला तर चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जाते, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. रेल्वेनं रेल्वेला सोडून देऊ नये म्हणूनच ही सोय. त्यांचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. एकेका अपघाताच्या अहवालाला मात्र तसं बंधन नाही. ओरडायचं तर इथं ओरडा.

अहवाल दाबण्याबद्दल: चौकशी कोणत्या कायद्याखाली आहे यावर ते ठरतं. चौकशी आयोग अधिनियम 1952 खाली आयोग नेमला, तर अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत कार्यवाहीच्या निवेदनासह तो सभागृहात ठेवावाच लागतो. मुदत मोडल्याबद्दल शिक्षा कलमात नाही, ही त्यातली लंगडी बाजू. सावित्रीचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, तेव्हा निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग आला. 2019 साली तिवरे धरण फुटलं, तेव्हा विशेष तपास पथक आलं. अशा पथकाला हे सहा महिन्यांचं कलम लागू नाही. ‘उच्चस्तरीय चौकशी’ असं भारदस्त नाव कानावर आलं की आधी कायदा विचारावा.

तिवऱ्यावरून आणखी एक. धरण खेकड्यांमुळे फुटलं, हे तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत पत्रकारांपुढे बोलले होते. मजकुरात ते संसदेतलं उत्तर म्हणून खपवलंय. मंत्री राज्याचे, धरण राज्याचं, त्याचा प्रश्न विधान भवनात जाणार.

सभागृहात खोटं बोलल्याबद्दल कोर्टात खेचता येत नाही, घटनेच्या कलम 105 चं संरक्षण आहे. पण लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश 115 खाली कुणीही खासदार चूक दाखवून देऊ शकतो, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर हक्कभंग आणता येतो.

तुरुंगाचं म्हणाल, तर आयोग शिक्षा देतच नाही. तो वस्तुस्थिती शोधतो. उद्योगपती रामकृष्ण दालमियांनी चौकशी आयोगाला आव्हान दिलेल्या खटल्यात 1958 सालीच सर्वोच्च न्यायालयानं हे सांगून टाकलंय. खटला पोलिसांनी उभा करायचा.

खासदारांना पत्र धाडणार असाल तर एवढंच लिहा: चौकशी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, नेमणूक कोणत्या तारखेची, मुदत कधीपर्यंत, अहवाल सरकारच्या हाती कधी आला. आणि चारही उपप्रश्नांची उत्तरं वेगवेगळी द्यावीत, हेही त्यातच लिहा.