पट्टा आत जाईना

जुन्या गाडीचं दुखणं इंजिनात असेल तर माणसाला थोडी प्रतिष्ठा मिळते. ‘हेड गॅस्केट गेलंय’ असं सांगितलं की ऐकणारा गंभीर होतो, दोन गॅरेजचे नंबर देतो. ‘सीटबेल्ट हळू आत जातो’ असं सांगून बघा. समोरचा आधी तुमच्याकडे बघतो आणि मग म्हणतो, ‘हाताने ढकला की!’

ढकलतच होतो. आमच्या गाडीचा पट्टा बाहेर यायला एका पायावर तयार, पण परत जायचं नाव नाही. सोडला की वीतभर आत सरकणार आणि तिथेच विसावणार. उरलेला सगळा लोंबता ढीग सीट आणि दार यांच्यामध्ये. आपण उतरायचं, घाईत दार ओढायचं, आणि ठण्ण! लोखंडी जीभ बरोबर दाराच्या चौकटीत. उंबऱ्यापाशी रंग उडून पत्रा दिसायला लागला आहे आणि तिथे एक खळगाही पडला आहे. पावसाळ्यात तर दाराखालून बाहेर राहिलेलं टोक कात्रजपासून स्वारगेटपर्यंत सगळे खड्डे पुसत यायचं.

पट्टा लावल्यावरही सुख नव्हतं, कारण तो अंगाला बसतच नसे. एकदा सिग्नलला वाहतूक पोलिसाने काचेतून वाकून बघितलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, ‘साहेब, बेल्ट लावलाय की अंगावर टाकलाय?’ 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ब खाली बेल्ट न लावल्यास हजार रुपये दंड आहे. नुसता टाकल्यास किती, हे कायद्यात नाही. त्याने सोडलं. पण त्याचा मुद्दा रास्त होता. ढिला पट्टा लावला की आपटताना शरीर आधी पुढे जातं आणि पट्टा मागून पोचतो.

मग सल्ले सुरू झाले. सोसायटीतल्या काकांचं निदान तयार होतं: ‘स्प्रिंग गेली. नाना पेठेत जा.’ मेव्हणा म्हणाला, गंज काढायचा स्प्रे मार. (हा मेव्हणा बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला स्प्रेच सांगतो. पट्ट्याला तेलकट काही लागलं की त्यावर धूळ बसते आणि दुखणं दुप्पट होतं.) तिसऱ्या एकाने जुन्या बाजारातून भंगारातल्या गाडीचा पट्टा आणायला सांगितलं. ती गाडी भंगारात का गेली, हा प्रश्न त्याला पडलेला नव्हता. अपघातात एकदा जोराचा ताण घेतलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो, तो दिसायला कितीही ठणठणीत असला तरी. आणि ॲक्सेसरीजच्या दुकानदाराने तर पट्टाच नको म्हणून उपाय काढला. खाचेत अडकवायची नुसती जीभ, म्हणजे गाडी पीं-पीं करत नाही. आमची गाडी इतकी जुनी की तिला मुळात पीं-पीं करताच येत नाही. या असल्या क्लिपांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये बडगा उगारला, तेव्हा पाच ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून मिळून 13,118 जाहिराती काढाव्या लागल्या होत्या. पट्टा न लावण्यासाठी माणूस किती कष्ट घेतो!

गॅरेजमध्ये दादाने दाराशेजारच्या, पट्टा जिथून निघतो त्या खांबावरचं प्लास्टिक काढलं, खालचा बोल्ट सोडवला आणि गुंडाळीचा डबा हातात घेऊन पट्टा ओढला. ढिम्म. ‘बघा साहेब, जॅम आहे. पूर्ण सेट बदलावा लागेल.’ सेटचा आकडा ऐकून मीही जॅम झालो. पण गंमत अशी, की गाडीत बाहेर यायला कधीच न अडणारा पट्टा त्याच्या हातात मात्र अजिबात हलत नव्हता. कारण त्या डब्यात एक छोटी गोळी असते. गाडीला करकचून ब्रेक लागला की ती जागची सरकते, खटका दात्यात अडकतो आणि पट्टा जागीच थांबतो. डबा हातात तिरका धरला तरी गोळी सरकतेच, तिला गॅरेज आणि अपघात यांतला फरक कळत नाही. मी म्हटलं, ‘दादा, गाडीत बसतो तसा सरळ धरून बघा.’ त्याने धरला. पट्टा सुळ्ळकन बाहेर आला. दादाच्या चेहऱ्यावर, धंदा हातचा गेल्याचं दुःख आणि नवं कळल्याचा आनंद, असे दोन्ही भाव होते. डबा त्याने उघडला नाही हे बरं केलं. आत चपटी गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर थेट तोंडावर येते. आणि काही गाड्यांत पट्टा आवळायला चक्क बारुदाची पुडी बसवलेली असते.

तर स्प्रिंग शाबूत होती. मग अडत होतं कुठे? खांद्याच्या वर, खांबाला असलेल्या कडीत. पट्टा तिथून वळून खाली जातो. तिच्यावरून बोट फिरवलं तर काळं, चिकट, मेणचट असं काहीतरी नखात आलं. अंगाचं-केसांचं तेल आणि धूळ, दुसरं काय! गोम अशी आहे की ही स्प्रिंग मुद्दामच अशक्त ठेवलेली असते. दणकट ठेवली तर पट्टा दिवसभर छातीवर बसेल आणि लोक तो लावायचेच नाहीत. त्यामुळे तिला एवढासा चिकटा पुरतो. 1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने हा तीन जागी अडकणारा पट्टा आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्या जगाला मोकळं करून दिलं. मोठं मन! त्या पहिल्या पट्ट्याला आपोआप आत घेणारी गुंडाळी नव्हतीच, ती नंतर आली. स्वीडनमध्ये बसून पट्टा शोधून काढणाऱ्या माणसाने रविवारची तेलाची चंपी धरून हिशेब केला असेल, अशी अपेक्षाही नाही.

इलाज बिनपैशाचा निघाला. पट्टा पूर्ण बाहेर ओढायचा आणि जिथून तो खांबातून निघतो तिथे कागदांना लावायची जाड क्लिप लावायची, नाहीतर ओला पट्टा आत जातो आणि आतल्या आत बुरसतो. बादलीत कोमट पाणी, थोडा साधा शाम्पू, मऊ ब्रश. घासायचं ते लांबीच्या दिशेने. ब्लीच नाही, धुण्याचा सोडा नाही, त्याने धागे कमकुवत होतात. कडी पुसायला केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. घरात करोनाच्या काळातलं सॅनिटायझर पडून होतं, पण त्यात ग्लिसरीन, म्हणजे पुन्हा चिकटा.

पट्टा बादलीत बुडवला आणि पाण्याला कटिंग चहाचा रंग आला. ब्रश फिरेल तसतसा खाली मूळचा करडा रंग दिसू लागला. आम्ही इतकी वर्षं आमचा पट्टा काळाच समजत होतो! हा उद्योग मे महिन्यात केला हे शहाणपणाचं, कारण वाळायला पूर्ण रात्र लागते, तेही सावलीत. रात्रभर गाडीच्या चारही दारांतून पट्टे लोंबत होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘विकली का?’ विचारून गेला.

सकाळी क्लिप काढली. सर्रर्र, खट्. पट्टा गेला सुद्धा! मी तो पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. वॉचमन हातातलं काम टाकून बघत उभा राहिला. मागच्या मधल्या सीटचा पट्टा तेवढा अजून लोंबतो, पण तो कमरेपुरता आहे आणि त्याला गुंडाळीच नाही. त्याला माझा नाइलाज आहे.

खरा प्रश्न पुढेच होता, तो म्हणजे मळ कोणाचा. ड्रायव्हरच्या पट्ट्यापेक्षा शेजारच्या सीटचा जास्त निघाला होता. बायको म्हणाली, ‘माझं फक्त सनस्क्रीन. ते पांढरं असतं.’ मुलाने हेडफोन काढून ‘मी मागे बसतो’ एवढं सांगितलं आणि हेडफोन परत लावला. आई म्हणाली, ‘मी तर पदर घेऊन बसते,’ आणि आत निघून गेली. तिच्यामागून खोबरेल तेलाचा वासही आत गेला.

काकांच्या स्प्रिंगवाल्या निदानाला उत्तर म्हणून मी ती बादली पार्किंगमध्ये तशीच झाकून ठेवली होती. संध्याकाळी त्यांना घेऊन खाली गेलो तर बादली धुऊन पालथी घातलेली.

‘मीच ओतलं हो,’ आई गॅलरीतून म्हणाली. ‘असलं पाणी चारचौघांत काय दाखवायचं!’