‘ज्याला उतरता येत नाही त्याने उडू नये’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. छोट्या खासगी विमानांच्या लँडिंगवरच्या लेखात मी वैमानिकांच्या चुकांवर पांघरूण घालतो, हा तुमचा आक्षेप. वारा आणि विमानाची रचना पुढे करू नका, ज्याला उतरता येत नाही त्याने उडू नये, असं तुम्ही लिहिलंय.

तुमचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ‘वाऱ्याने विमान धावपट्टीबाहेर नेलं’ हे माझं वाक्य चुकीचंच होतं. वारा आडवा आहे हे उतरण्याआधी कळलेलं असतं, आणि तरीही उतरायचं हे वैमानिक ठरवतो.

पण ‘वैमानिकाची चूक’ एवढं म्हणून फाइल बंद करणं मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमानं सुखरूप टेकायची, आणि मग धावपट्टीवर फ्लॅप (उतरताना खाली काढायच्या, पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) मिटायला गेलेला वैमानिक चाकंच मिटवून बसायचा. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. चाकांच्या खटक्याला चाकाचा आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार द्यावा, हा त्यांचा उपाय होता. तोच आजही वापरात आहे. तरीसुद्धा 1980 मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेला बीचक्राफ्ट बोनान्झा, बॅरन आणि अशा इतर हलक्या विमानांमधल्या याच गफलतीवर खास अहवाल काढावा लागला. हात वैमानिकाचाच चुकला, यात वाद नाही. पण त्याला नुसतं दोषी ठरवून पुढच्याचा हात चुकायचा थांबला नसता.

आता तुम्ही दिलेलं उदाहरण, शेवटच्या वळणावर स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल अचानक घटून, कोसळण्याचं. बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना पाठीमागून वारा असला की विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकललं जातं. जमीन जवळ दिसत असते, त्यामुळे जास्त बँक करायला, म्हणजे विमान आणखी कलवायला, मन धजत नाही. मग वैमानिक वळणाच्या आतल्या बाजूचा रडर (शेपटीच्या उभ्या सुकाणूचं पेडल) दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो. त्याने बँक वाढू लागते, म्हणून एलरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या टोकांकडच्या झडपा) उलटे धरतो. नाक खाली जातं, म्हणून स्टिक ओढतो. यातली प्रत्येक हालचाल त्याला त्या क्षणी काळजीपूर्वक वाटत असते! आणि नेमकी हीच जुळणी आतला पंख आधी स्टॉल करते. उंची न घालवता 45 अंशांच्या बँकवर वळलं तर स्टॉलचा वेग सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांवर 41 टक्क्यांनी. वळणातच पंख खाली पडला, तर सावरायला लागेल एवढी उंची तिथे बहुतेकदा उरलेलीच नसते. असा वैमानिक रोज नीट उतरणाराही असू शकतो. त्याला उतरता येत नव्हतं असं नाही, बिघडलेलं वळण सोडून द्यायला मन तयार नव्हतं.

तुमच्या त्या शेवटच्या वाक्याला माझा खरा विरोध इथे आहे. ‘उतरता येत नाही’ हा शिक्का बसेल या भीतीनेच माणसं गो-अराउंड करत नाहीत, म्हणजे उतरणं सोडून परत वर जात नाहीत. मीही वेळेवर केला नव्हता. फायनलवर माझा वेग हवा त्यापेक्षा 10 नॉट जास्त होता आणि ते मला दिसत होतं. वेग 10 टक्के जास्त असला तर जिरवायची ऊर्जा 21 टक्के जास्त असते, हे मला तोंडपाठ होतं. तरी ‘एवढं आलोय तर उतरूनच टाकू’ म्हणालो. विमान जमिनीलगतच्या हवेवर तरंगत राहिलं, धावपट्टी सरकत गेली, शेवटी मी ते जबरदस्तीने टेकवलं. पुढचं चाक आधी टेकलं आणि विमान उसळलं. दुसऱ्यांदा उसळल्यावर मी थ्रॉटल पूर्ण उघडला. विमान शाबूत राहिलं, पण लॉगबुकमध्ये त्याबद्दल मी अवाक्षरही लिहिलं नाही. विचारलं असतं कुणी तर लाज वाटली असती, म्हणून.

गो-अराउंड सोपा असतो असंही नाही. विमान उतरण्यासाठी ट्रिम केलेलं (स्टिक न धरताही त्या वेगाला स्थिर राहील असं लावलेलं), फ्लॅप पूर्ण खाली, त्यात पूर्ण ताकद दिली की नाक झपाट्याने वर उठतं आणि बहुतेक छोट्या विमानांत डावीकडे ओढतं. स्टिक पुढे रेटावी लागते, उजवा रडर दाबावा लागतो. घाईत सगळे फ्लॅप एकदम मिटले तर विमान खाली बसतं. परवाना मिळाल्यावर याचा सराव किती जण करतात? मी आता महिन्यातून एकदा, सगळं व्यवस्थित असतानाही, मुद्दाम करतो. 300 फुटांवर वेग, रेषा आणि उतरण्याचा दर यांतलं एकही बिघडलेलं असेल तर पुढे विचार करायचा नाही, हा माझा नियम आहे. पहिल्या एक-तृतीयांश धावपट्टीत चाकं टेकली नाहीत तरीही तेच. ते आधी ठरवून ठेवतो, कारण त्या क्षणी माझं मन उतरण्याच्याच बाजूने असतं, हे मी पाहिलंय.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललंय. ते आता असं आहे: ‘वारा आडवा होता, वैमानिकाला तो माहीत होता, आणि परत वर जाण्याइतकी ताकद इंजिनात होती.’