अ‍ॅडमिट कोण झालं आणि वाफ घेऊन घरी कोण गेलं

थंडी पडली की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक्यूआयचे, म्हणजे हवा किती खराब त्या आकड्याचे, स्क्रीनशॉट यायला लागतात. कोणाचं चेंबूर, कोणाचं बीकेसी, कोणाचं पुण्यातलं शिवाजीनगर, सगळं लालभडक, आणि खाली मामांचा ठरलेला मेसेज की मुंबईची आता दिल्ली झाली. मग कोणी मेट्रोच्या खोदकामावर घसरतं, कोणी टॉवरवाल्यांच्या सिमेंटवर. कबुतरांच्या विष्ठेने श्वासाचे आजार होतात म्हणून २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर पालिकेने ताडपत्री टाकली आणि लोकांनी ती ओढून काढली, तेव्हा तर दोन आठवडे ग्रुपवर कबुतरांशिवाय विषयच नव्हता. आणि शेवटी कोणीतरी माझ्याकडे वळतंच, तुझं बरंय बाई, तिकडे कसली स्वच्छ हवा!

मी राहते सेलमध्ये, ग्रेटर मँचेस्टर, अकरा वर्षं झाली. माझ्या पोराला दमा आहे. हवा चेंबूरपेक्षा कितीतरी बरी, त्यात वाद नाही. पण म्हणून इथली पोरं दम लागून हॉस्पिटलात जात नाहीत असं नाहीये, भरपूर जातात, फरक एवढाच की कुठली जातात ते इथे दर वर्षी छापून येतं. १९ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे दम्याने किती अ‍ॅडमिट झाली, काउन्सिलप्रमाणे, म्हणजे इथल्या पालिकेप्रमाणे, कोणीही घरबसल्या बघावं. मँचेस्टर शहराचा आकडा वर्षानुवर्षं इंग्लंडच्या सरासरीच्या वर असतो. आणि त्या एका आकड्याच्या पोटात डिड्सबरीतले ऐसपैस बागवाले बंगलेही येतात आणि चीटम हिलमधल्या एकाला एक चिकटलेल्या ओलसर खोल्याही, म्हणजे खरी तफावत तर शहराच्या आतच दडलेली. आपल्या मुंबईच्या एम पूर्व वॉर्डासारखंच, तिथे नाही का अणुशक्तीनगरची झाडीतली कॉलनी आणि देवनार डम्पिंगला लागून असलेलं गोवंडीचं शिवाजीनगर एकाच वॉर्डात मोजतात.

आता वारा तोच, पाऊस तोच, मग एका भागातली पोरं जास्त का अ‍ॅडमिट होतात? गाड्यांचा धूर आहेच, पण मला विचाराल तर आधी घरं बघा. कापडगिरण्यांच्या काळातली लाल विटांची घरं, भिंतीत ओल, बाहेर सदा पाऊस म्हणून कपडे आतच हीटरवर वाळत घातलेले, आणि बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी. रॉचडेलचा अवाब इशाक दोन वर्षांचा होता, डिसेंबर २०२०मध्ये गेला, अशाच बुरशीने. बाप २०१७पासून तक्रार करत होता आणि त्याला सांगितलं गेलं की वरून रंग मारा. नोव्हेंबर २०२२मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने स्पष्ट सांगितलं की घरातल्या बुरशीनेच मूल गेलं, मग कायदा झाला, त्याच्याच नावाने, आणि २७ ऑक्टोबर २०२५पासून सोशल हाउसिंगवाल्यांना, म्हणजे काउन्सिल नाहीतर संस्थेची स्वस्त भाड्याची घरं चालवणाऱ्यांना, अशा तक्रारींची ठरलेल्या मुदतीत दखल घ्यावी लागते. म्हणजे आकडे छापत असूनही एक पोर जाईपर्यंत भिंतीकडे कोणी बघितलं नाही, हेही ग्रुपवर सांगायला हवं, नाहीतर मीही त्या ‘आमच्या यूकेत’ पंथाची व्हायची.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांची, आणि ही मला जास्त झोंबते. ब्रिटनमधल्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज २००५मध्ये छापून आली होती, त्यात आपल्या भारत-पाकिस्तान-बांगलादेशकडच्या लोकांना गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट अ‍ॅडमिट व्हावं लागतं असं निघालं, दमा काही तिप्पट जास्त नसताना. तेव्हा मी म्हटलं असतं, रेसिझम, दुसरं काय. मग आमचाच नंबर लागला.

पोरगा पहिलीत गेला तो सप्टेंबर. इथे सप्टेंबरात शाळा उघडतात, सर्दी-खोकला वर्गभर फिरतो आणि मुलांच्या दम्याच्या अ‍ॅडमिशन दर वर्षी त्याच सुमाराला उसळी घेतात, डॉक्टरांना ते आठवड्यानिशी पाठ असतं. रात्री दोनला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, वाक्य पूर्ण बोलता येईना, घेऊन पळालो. निळा पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या प्लास्टिकच्या नळीतून, दहा दहा वेळा, ऑक्सिजन, दोन रात्री वॉर्डात. निघताना नर्सने पिशवीतला ब्राउन पंप काढून हलवून बघितला, लेबलवरची तारीख वाचली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, हा जूनमध्ये घेतलाय ना, मग अजून भरलेला कसा? माझी मान खाली. कारण आईने फोनवर सांगितलं होतं, स्टेरॉइड आहे, सवय लागेल, आणि मी चांगली इंजिनिअर बाई तो पंप फ्रिजवर ठेवून सकाळी हळद-दूध देत बसले होते. निळ्याने तेवढ्यापुरतं मोकळं होतं, सूज ब्राउनने उतरते, आणि तो रोज घ्यायचा असतो, बरं वाटत असलं तरी. एवढंच कळायला दोन रात्री गेल्या.

बिल शून्य आलं. हातात एक कागद दिला, हिरवा-पिवळा-लाल, काय झालं की काय करायचं, आणि दोन वर्किंग डेजच्या आत जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, दाखवा म्हणून बजावलं. इथे दम्याचं पोर अ‍ॅडमिट झालं की हवेबरोबर आधीची सगळी साखळीही तपासणं अपेक्षित असतं, म्हणजे घर, जीपी, पंप, शाळा, कुठली कडी तुटली.

हवेबद्दलही इथले लोक काही संत नाहीत हं. ग्रेटर मँचेस्टरच्या दहाही भागांत क्लीन एअर झोन ३० मे २०२२पासून येणार होता, जुन्या डिझेल ट्रक, बस, टॅक्सी, व्हॅन यांना रोजचा चार्ज, खाजगी गाड्यांना नाही. रस्तोरस्ती बोर्ड लागले, कॅमेरे लागले. मग टॅक्सीवाले आणि व्हॅनवाले खवळले, त्यात आपल्याकडचे कितीतरी, आणि त्यांचंही खोटं नव्हतं, कोविडनंतर नवी गाडी आणायची कुठून. त्याच वर्षी फेब्रुवारीत सगळं लांबणीवर पडलं आणि त्या बोर्डांवर स्टिकर चिकटवले. माझ्या ऑफिसच्या वाटेवरच्या बोर्डावरचा स्टिकर पावसाने एका कोपऱ्यातून सोलत आला होता, मी कित्येक महिने तो रोज बघायचे. शेवटी जानेवारी २०२५मध्ये सरकारने बिनाचार्जची योजना मान्य केली, बसगाड्या सुधारा आणि काय ते करा. आता पिवळ्या बसेस दिसतात. तेव्हा कबुतरखान्याच्या भांडणाला हसण्याचा हक्क मँचेस्टरवाल्यांना तरी नाही.

तर मग मी ग्रुपवर लिहिलं की एक्यूआय पुरे, वॉर्डाप्रमाणे दम्याच्या अ‍ॅडमिशन मागा पालिकेकडे. लिहिलं आणि मोठ्या ऐटीत झोपले. सकाळी चेंबूरच्या ताईचा फोन, म्हणाली तुला इकडचं काही आठवतं की नाही?

तिचा मुलगा जानेवारीत अ‍ॅडमिट होता. संध्याकाळी धाप लागली, नेब्युलायझर लावला, म्हणजे औषधाची वाफ, तासाभरात पोरगा मोबाइल मागायला लागला इतका बरा. पण डॉक्टर म्हणाले रात्रभर ठेवूया, आणि ताईही हो म्हणाली, कारण चोवीस तास भरती असल्याशिवाय मेडिक्लेम सहसा पास होत नाही. त्याच आठवड्यात तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू, माहुलचा, तसाच धापा टाकत होता. त्याला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं, वाफ दिली, डेरिफायलिनचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं, दोन दिवसांनी परत तेच. सरकारी हॉस्पिटलात का नाही नेलं, तर मावशींचा खाडा, सुनेचा खाडा, रिक्षाचे पैसे आणि रांग. आता बोल, ताई म्हणाली, तुझ्या अ‍ॅडमिशनचा नकाशा काढला तर जास्त म्हणून लाल कोण आणि कमी म्हणून पांढरं कोण?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईची सोसायटी लाल आणि माहुल पांढरं! माहुल, जिथे रिफायनऱ्यांच्या शेजारी तानसा पाइपलाइनवरच्या वस्त्यांतून हटवलेल्या लोकांना आणून टाकलं, जिथल्या हवेने तब्येतीला धोका आहे असं हरित लवादाने २०१५मध्ये म्हटलं, केईएमच्या डॉक्टरांनी घरोघर फिरून श्वासाच्या तक्रारी नोंदवल्या, आणि २०१९मध्ये हायकोर्टाने सांगितलं की लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरं घर द्या नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या. ते माहुल अ‍ॅडमिशनच्या नकाशावर ठणठणीत दिसेल, आणि कोणीतरी हुशार माणूस तो नकाशा दाखवून म्हणेल, बघा, कुठाय त्रास? इंग्लंडात अ‍ॅडमिट व्हायला पैसे लागत नाहीत म्हणून इथला आकडा पुष्कळसा आजाराचा असतो. आपल्याकडे त्यात पगार, पॉलिसी, खाडा सगळं मिसळलेलं.

शिवाय नावाचीही भानगड आहे. आपल्याकडे फाइलवर दमा लिहिला की आईबाप कासावीस, त्यातून मुलगी असली तर लग्नाची चिंता आत्तापासून, म्हणून डॉक्टरही ‘अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कायटिस’ लिहितात, किंवा नुसतं बाळदमा, मोठा झाला की जाईल. आमच्या नात्यातले एक काका दर वर्षी मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळून येतात, शाकाहारी लोकांना गुळातून देतात म्हणे, पण घरात विचाराल तर दमा कोणालाच नाही.

म्हणून मी माझी मागणी बदललीय. अ‍ॅडमिशन नको मोजू, नेब्युलायझर मोज. पालिकेचे दवाखाने आहेत, २०२२च्या शेवटापासून ‘आपला दवाखाना’ही सुरू झालेत, तिथे आणि सरकारी कॅज्युअल्टीत वाफ कोणाला दिली, वय किती, राहतो कुठे, याच महिन्यात कितव्यांदा आला, आणि रोजचा पंप दिला की नुसतीच वाफ, एवढे पाच रकाने. गल्लीतला डॉक्टर त्यात येणार नाही, मान्य, पण सुरुवात तर होईल. ताई म्हणाली लिहिणार कोण, नर्सला आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही. तेही खरं आहे. मावशींच्या नातवासाठी मी ब्राउन रंगाचा पंप आणि स्पेसर घ्यायला पैसे पाठवले, आधी डॉक्टरला दाखवून घ्या म्हणून, आणि परवा ताईने सांगितलं, मावशींनी तो कपाटात वर ठेवलाय, सवय लागेल म्हणून.