"पैसा नको, कौतुक द्या" हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला, आमच्या रामबागेच्या ग्रुपवर तर दोनदा. मजकूर थोडक्यात असा, की माणूस पैशासाठी नाही कौतुकासाठी काम करतो, हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे सिद्ध केलंय, तेव्हा पगारवाढीच्या मागे न लागता एम्प्लॉयी ऑफ द मंथ सुरू करा, टार्गेटवर इन्सेन्टिव लावा, दर सात दिवसांनी थँक्यू म्हणा, दिवाळीला बोनस द्या, आणि शेवटी उदाहरण आपल्या इंदूरचं, सफाईमित्रांना हार घातले म्हणून शहर स्वच्छतेत नंबर एक आलं. खाली अंगठ्यांची रांग. मी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात अकरा वर्षं पॅकिंग सांभाळलंय, आता एचआर बघते, आणि हे वाचून जीव तुटला, कारण वाचणाऱ्यांतला कोणीतरी मालक सोमवारी इन्क्रिमेंटची फाईल बाजूला ठेवणार आणि भिंतीवर फोटोफ्रेम ठोकणार. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी हर्झबर्ग, कारण सगळा डोलारा त्याच्या नावावर उभा केलाय. त्याने पिट्सबर्गच्या भागातल्या दोनशेच्या वर इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं, कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी, आणि १९५९ साली ते मांडलं. पगार त्याच्याकडे कुठे येतो? ज्या गोष्टी कमी पडल्या की माणूस नाराज होतो त्या यादीत. म्हणजे नुसत्या पगाराने कामात जीव ओतला जाईलच असं नाही, पण पगार कमी असेल तर नाराजी ठरलेली, आणि ती नाराजी थँक्यूने जात नाही. ह्याचं "पैसा महत्त्वाचा नाही" असं भाषांतर कोणी केलं देव जाणे. आमच्याकडे एका वर्षी ठेकेदाराने महू नाक्याहून येणारी बस बंद केली, तर पहिल्या पाळीच्या तीन मुली महिन्याभरात सोडून गेल्या, तिघींशी बोलले, तिघींचा हिशोब एकच, रोजचं भाडं जाऊन हातात काय उरतं. त्यातल्या एकीचा फोटो तेव्हा बोर्डावर होता.

एम्प्लॉयी ऑफ द मंथ. ह्यावर मोजून केलेलं काम आहे ते तरी वाचा. अमेरिकेत एका लॉन्ड्री कंपनीच्या प्लांटमध्ये वेळेवर येणाऱ्यांसाठी महिन्याचं बक्षीस ठेवलं होतं, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. झालं असं की बक्षिसाची आशा आहे तोवर लोक वेळेवर, एकदा नाव कटलं की पुन्हा ढिले, आणि जे आधीपासून कोणी न सांगता वेळेवर येत होते त्यांचाच हात मंदावला, प्लांटची एकूण उत्पादकता सुमारे १.४ टक्के घसरली. त्याच वर्षी दुसरा एक अभ्यास आला, तीनशेच्या वर लोकांना तीन तासांचं डेटा एन्ट्रीचं काम दिलं, आठ-आठांचे गट, काही गटांत सगळ्यात चांगलं काम करणाऱ्या तिघांना मधेच आभाराचं कार्ड, आधी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या गटांत काम वाढलं, आणि जास्त करून ज्यांना कार्ड मिळालं नव्हतं त्यांचं! म्हणजे कौतुकाचा उपयोग होतो, तो नाकारण्याचा प्रश्नच नाही. फरक एवढाच की एका ठिकाणी बक्षीस आधी टांगून ठेवलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी काम बघून, आधी न सांगता दिलं. आपल्याकडच्या फ्रेमला ह्यातलं काहीच लागू नाही, चार महिन्यांत पाळी लावून फोटो फिरायला लागतो आणि तो कशासाठी लागलाय हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता इन्सेन्टिव, इथे जरा थांबते कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या लाईनला ठरलेल्या आकड्याच्या वर जितके शिपर, म्हणजे माल पाठवायचे मोठे खोके, पॅक होतील त्यावर पैसे होते, अख्ख्या लाईनला मिळून. एका दुपारी बॅच बदलली, लाईन सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, आणि शेवटच्या टेबलवरच्या एक काकू, वय पन्नासच्या पुढे, त्यांनी एका हातात स्ट्रिप आणि एका हातात खोका धरला, दोन्ही ट्यूबलाईटकडे तिरके केले आणि मला हाक मारली, "मॅडम, हे बघा बरं, स्ट्रिपवर एक्सपायरी जूनची आहे अन् खोक्यावर मार्चची." खोक्याच्या प्रिंटरवर जुन्याच बॅचचा महिना राहिला होता. आम्ही दोन जणांनी सही करून लाईन क्लिअर दिली होती, म्हणजे जुन्या बॅचचं काही राहिलं नाही असं लिहून दिलं होतं, दोघांच्याही नजरेतून सुटलं. लाईन थांबली, सगळे खोके मोजून बाजूला, क्यूएचे, म्हणजे गुणवत्ता तपासणारे, लोक आले, दोन तास गेले. तो माल बाजारात गेला असता तर सगळा परत बोलवावा लागला असता.

आणि त्या दिवशीचा इन्सेन्टिव बुडाला, सगळ्या लाईनचा. बसमध्ये काकूंच्या शेजारी कोणी बसलं नाही. त्या महिन्याची फ्रेम दुसऱ्या लाईनला गेली, त्यांचे शिपर जास्त होते.

मेसेज लिहिणाऱ्याला हेच सांगायचंय मला. तुम्ही पैसे फक्त आकड्यावर लावता तेव्हा लाईन थांबवणाऱ्या माणसाला दंड लावता, मग तो पुढच्या वेळी गप्प बसतो. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत तर ह्याचं टोक गाठलं गेलं, खाती उघडायच्या टार्गेटपायी ग्राहकांना न विचारता खाती उघडली, २०१६ मध्ये बाहेर आलं, जवळपास ५,३०० माणसं कामावरून काढली आणि १८.५ कोटी डॉलर दंड. उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाईट कंपनीने नव्वदच्या दशकात तासाचा पगार सोडून नगावर पैसे सुरू केले तर माणशी काम ४४ टक्क्यांच्या आसपास वाढलं. पण तिथे काच एकाने बसवायची, मोजता येणारी, आणि खराब बसली तर त्यानेच आपल्या वेळेत पुन्हा बसवायची. आपल्या लाईनवर, दवाखान्यात, शाळेत काम असं सुटं मोजता येतं का, हे आधी बघा ना.

दर सात दिवसांनी थँक्यू, हे गॅलप ह्या सर्व्हे करणाऱ्या कंपनीच्या, कर्मचाऱ्यांना विचारायच्या बारा प्रश्नांतल्या एका प्रश्नावरून उचललंय. मूळ प्रश्नात "चांगलं काम केल्याबद्दल" असे शब्द आहेत, ते मेसेजमध्ये गळाले. सोमवारी सगळ्यांना सरसकट "ग्रेट जॉब टीम" पाठवून तो प्रश्न सुटत नाही, काय चांगलं केलं ते बघायला खाली फ्लोअरवर उतरावं लागतं.

दिवाळी बोनसला कौतुक म्हणू नका, हात जोडते. १९६५ च्या कायद्याने तो हक्क झाला, कमीत कमी ८.३३ टक्के, म्हणजे बोनससाठी धरलेल्या पगाराचा बारावा हिस्सा, जास्तीत जास्त २० टक्के, आणि कमीत कमीचा तो आकडा कंपनी तोट्यात असली तरी द्यावाच लागतो. जे देणं आहे ते बक्षीस म्हणून हातात ठेवलेलं कामगाराला बरोबर कळतं.

राहिलं इंदूर. सफाईमित्रांचा मान झालाच पाहिजे, माझ्या गल्लीत झाडणाऱ्या ताई सकाळी साडेसहाला येतात, आमच्याकडून चहा घेऊन पुढे जातात, त्यांच्याबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं तर मी भांडते. पण हार घातले म्हणून शहर २०१७ पासून सलग सात वर्षं पहिलं आलं हे म्हणणं त्यांच्याच कामावर अन्याय आहे. घरोघरी गाडी ठरलेल्या वेळी येऊ लागली, ओला-सुका वेगळा घ्यायला लागले, देवगुराडियाचा कचऱ्याचा जुना डोंगर उपसला, २०२२ मध्ये तिथेच रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस काढायचा प्लांट उभा राहिला. काम नीट करता येईल अशी सोय झाली आणि केलेलं काम टिकलेलं दिसायला लागलं, मग लोक हार घेऊन आले. झाडलेल्या रस्त्यावर तासाभरात पुन्हा कचरा पडत होता तेव्हा हार घालून काय उपयोग झाला असता?

काकूंचं पुढे काय झालं ते राहिलं. क्यूएचे मोठे साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः लाईनवर आले, काकूंना म्हणाले, ताई कसं धरलं होतं ते दाखवा, काकूंनी पुन्हा ट्यूबलाईटखाली धरून दाखवलं, सगळ्या लाईनसमोर. त्या आठवड्यात लाईन क्लिअरन्सच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढली, स्ट्रिप आणि खोका शेजारी धरून तारीख जुळवणे, ती अजून आहे. आणि मी दोन महिने मागे लागून ते दोन तास टार्गेटमधून वजा करवले, सगळ्यांचे पैसे निघाले, पुढे नियमच झाला की दोष पकडून थांबलेला वेळ धरायचा नाही. त्यानंतर लाईन थांबवायला हात वर करणाऱ्या मुली वाढल्या, एकीने तर माझीच चूक पकडली.

ग्रुपवर हा मेसेज दुसऱ्यांदा टाकणाऱ्या काकांचं सांवेर रोडला स्वतःचं युनिट आहे. काका, राग मानू नका, एवढं करा, उद्या गेल्यावर सुपरवायझरला विचारा की मागच्या महिन्यात काम कोणी थांबवलं आणि त्या दिवशी त्याचे किती पैसे कापले गेले.