गांधीजींची खुर्ची

ज्या खुर्चीत आमचे आजोबा दुपारभर तोंड उघडं टाकून घोरायचे, तिच्यावर जरा टेकलो म्हणून परवाच्या रविवारी शाळेच्या पोरांदेखत माझी खरडपट्टी निघाली. "शिकलेले दिसताय, पाटी वाचता येत नाही?" चिटणीसबाई कडाडल्या. पोरं खुदखुदली.

आमच्या बेळगावातल्या एका इतिहास मंडळाचं हे संग्रहालय. वाड्याची माडी, दोन खोल्या, रविवारी दहा ते बारा उघडं; तेही किल्लीवाले गावात असतील तर. खुर्ची मीच दिलेली. मी उठलो, आणि एक धोतरवाले गृहस्थ सावकाश आले, उपरण्याने बैठक झटकली, माझ्याच आजोबांच्या खुर्चीत रेलले आणि पेपर उघडला.

"त्यांना चालतं?" मी बाईंना विचारलं.

"आजीव सभासद आहेत," बाई म्हणाल्या आणि पोरांना घेऊन अडकित्त्यांकडे गेल्या.

गृहस्थांनी पेपरावरून डोळे वर केले. "काय बघालाय? गांधीजींची खुर्ची ही. चोवीसच्या काँग्रेसला आलेले, तेव्हा बसलेले हिच्यात."

१९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीला अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाला, सगळं खरं. पण ही खुर्ची आजोबांनी १९६२ साली रिटायर झाल्यावर करून घेतली. मूळव्याधीचा त्रास, म्हणून मुद्दाम वेताची बैठक. हे मी सांगितलं.

"तुम्ही होता काय तेव्हा?"

"नाही, पण आजोबा आमचे..."

"चोवीसला होता काय, ते सांगा."

"नव्हतो."

"मग?" त्यांनी पान उलटलं. थोड्या वेळाने दया आली असावी. "असं बघा, तुमच्या आज्जांची खुर्ची म्हटलं तर कोण येतंय बघायला? ह्या हातावर बघा, ह्या हातावर सूत कातलेत त्यांनी. खाच दिसते न्हवं?"

ती खाच अडकित्त्याची. आजोबा सुपारी तिथेच ठेवून कातरायचे. सांगून उपयोग नव्हता; तोवर पोरं परत आली होती आणि दोघंतिघं वहीत खाच काढून घेत होते.

पाटीचं म्हणाल तर बाहेरच्या पाटीची कथा निराळीच. साठ टक्के कन्नड हवं असा कायदा २०२४ साली आला, त्यामुळे मंडळाचं मराठी नाव आता वाचायचं तर जिना अर्धा चढावा लागतो. पाटी रंगवायचा खर्च मंडळातल्या चार म्हाताऱ्यांनी पेन्शनीतून केला. लाइटबिलही तेच भरतात. जूनमध्ये कौलं गळायला लागली की ताम्रपटाच्या ठशांखाली बादल्या लावतात. एक नोव्हेंबरला आमच्याकडे एक बाजू राज्योत्सव करते, दुसरी काळा दिवस पाळते. दोघंही इतिहासासाठी प्राण द्यायला तयार! कौलं बदलायला पैसे मागा, दोघांचेही फोन बंद. मग गांधीजींना खुर्चीत बसवायचं नाही तर करायचं काय, असं त्या चार म्हाताऱ्यांना वाटलं तर त्यांची चूक कशी काढू? पण बसवायला माझ्याच आजोबांची खुर्ची सापडली?

खरं बघायसारखं जे होतं ते केव्हाच बाहेर गेलं. किल्ल्यातल्या रट्ट जिनालय या जैन मंदिराला रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्य राजाने दिलेल्या दानाचे १२०४ सालचे दोन शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियमात आहेत. तिथे त्यांना टेकून कोणी पेपर वाचत नसावं. किंवा वाचतही असेल, आजीव सभासद सगळीकडे असतात.

निघताना दारात किल्लीवाल्यांनी डबा पुढे केला. वर कागद चिकटवलेला : गांधी खुर्ची दुरुस्ती निधी. आत माडीवर खुर्ची कुरकुरली. गृहस्थांनी कूस बदलली असणार. मी पन्नासाची नोट टाकली आणि पावती मागितली.

"पावतीपुस्तक चिटणीसबाईंकडं असतंय," किल्लीवाले म्हणाले. "पण आत्ता जाऊ नका. रागात आहेत. मघाशी कोण तरी येडं खुर्चीवर बसलं म्हणं."