इंदूर उरकून येण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

बायको-मुलांना घेऊन पहिल्यांदाच एखादं मोठं शहर बघायला निघायचं असेल, तर इंदूरच निवडा. मुंबईत नातेवाईक असतात पण त्यांच्याकडे जागा नसते. दिल्लीत जागा असेलही, पण तिथं आपलं कोणी नसतं. इंदूरला दोन्हींची सोय आहे. मल्हाररावांनी अठराव्या शतकात माळव्यात ठाणं मांडलं आणि त्यांच्यामागून तुमच्या चुलत आत्याचे सासरे-पणजे इकडे येऊन राहिले, ते मुख्यतः तुमचा हॉटेलचा खर्च वाचावा म्हणूनच. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, यांपैकी कुठंतरी ही आत्या सापडतेच. नाही सापडली तर बायकोच्या माहेरी चौकशी करा.

आत्याला कळवण्याची घाई मात्र करू नका. आधी कळवलं की माणसं तयारी करतात, गाद्या उन्हात घालतात, उगाच दगदग. धुळ्याहून निघालेली बस बिजासन घाट चढून सेंधव्याला चहासाठी थांबली की फोन लावा आणि विचारा, ‘‘आम्ही निघालोच आहोत, तुमची काही गैरसोय नाही ना?’’ या प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर माळव्यात अजून कोणी दिलेलं नाही. रेल्वेनंच यायचा हट्ट असेल तर मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळालेली आहे. धाकट्याच्या लग्नापर्यंत थांबायची तयारी ठेवा. तोवर मुंबईची गाडी बडोदा-रतलामचा वळसा घालून आणतेच.

आता बेत. दिवस तीन, स्थळं पाच, आणि त्यांत इंदूर शेवटी. पहिल्या दिवशी उज्जैन आणि ओंकारेश्वर. उज्जैन उत्तरेला ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर दक्षिणेला जवळपास ८०, तेव्हा दोन्ही ज्योतिर्लिंगं एका दिवसात घ्यायची म्हणजे पुण्याबरोबर हाडांचाही हिशेब होतो. महाकालाची भस्मारती पहाटे चारला असते. तिचं बुकिंग आगाऊ करावं लागतं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मंदिरालगतचा ‘महाकाल लोक’ हा नवा परिसर खुला झाल्यापासून गर्दी अशी वाढली आहे की ते मिळेलच असं नाही. पण ही तुमची काळजी नाही. ते काम आत्याच्या मुलाचं, कारण तो ‘तिथलाच’ आहे. (इंदुरात असे आत्याचे मुलगे घरोघरी आहेत, मीही त्यांतलाच.) त्याला नाही जमलं तर ‘‘तुमची इथं काही ओळख नाही का?’’ एवढंच हळुवारपणे विचारायचं. तो वर्षभर पुरवून खातो.

दुसऱ्या दिवशी मांडू आणि महेश्वर. मांडूला दीड तास रग्गड झाला. दोन तळ्यांच्या मधोमध उभा असलेला जहाजमहाल, पार टोकाला नर्मदेच्या दिशेनं बघणारा रूपमतीचा मंडप, ताजमहालाच्या कितीतरी आधी बांधलेली होशंगशहाची संगमरवरी कबर. प्रत्येकापुढे सगळ्या कुटुंबानं ओळीनं उभं राहून एकेक फोटो. मागची इमारत फोटोत फारशी दिसणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर घरी गेल्यावर लोक तिच्याबद्दल प्रश्न विचारतात. गाईड करायचाच तर दुसऱ्यांनी केलेल्या गाईडच्या मागून चार पावलांवर चाला. ज्ञान तेच, पैसे वाचतात.

महेश्वरला वाड्यात अहिल्याबाईंची गादी बघायची की माहेश्वरी साड्यांच्या दुकानात शिरायचं, असा प्रश्न पडण्याची शक्यता आहे. पडू देऊ नका. गादी काय, ती राहणारच आहे तिथं. लुगड्यांचे रंग संपतात.

अशा रीतीनं तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या बसचं सामान दारात ठेवून, तुम्ही इंदूर बघायला मोकळे. राजवाड्यापुढच्या बागेत उभे राहा आणि वरच्या सज्जाकडे बोट दाखवून मुलांना ठणकावून सांगा, ‘‘अहिल्याबाई इथंच बसून राज्य करायच्या.’’ बाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे २८ वर्षं, कारभार पाहिला तो महेश्वरहून. होळकरांची राजधानी इंदुरात आली १८१८ साली, त्या गेल्यावर २३ वर्षांनी. काल महेश्वरला एक गाईड हेच सांगत होता, पण तुम्ही तेव्हा दुकानात पदर उलगडून बघत होतात. असू दे. बागेत बाईंचा पुतळा आहे, एवढा पुरावा मुलांना पुरतो.

राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटलं-जाळलं तेव्हा त्याची होळी झाली, १९८४ च्या दंगलीत पुन्हा. आपल्याच माणसांनी पहिल्यांदा जाळला, हे आम्ही इंदूरकर पाहुण्यांना सहसा सांगत नाही. सांगायला लागलोच तर घड्याळाकडे बघा, आम्हाला कळतं.

तिसरा दिवस सोमवारी येईल असं जमवा. सोमवारी लालबाग पॅलेस बंद असतो, त्यामुळे बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवर केलेलं फाटक बाहेरून बघून भागतं. आतल्या दालनांत तास-दीड तास पाय मोडून घ्यायला नको. काचमंदिर वाटेत लागलं तर ठीक. लताबाईंचा जन्म १९२९ मध्ये इथल्या शीख मोहल्ल्यातला. तिथं जरूर जा, आता तिथं कापडाचं दुकान आहे, काल राहून गेलेला ब्लाउजपीस मिळून जाईल. मुलं कंटाळलीच तर त्यांना मेट्रोत बसवा. मे २०२५ च्या शेवटी सुरू झालेला तिचा पहिला टप्पा ५ स्थानकांचा, साधारण ६ किलोमीटरचा, आणि तुमच्या यादीतलं एकही ठिकाण त्यावर लागत नाही. सबंध सहलीत मुलांना मनापासून आवडेल ती हीच गोष्ट.

खाण्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण इंदूरकराला दुखवायचं असेल तर इथंच दुखवता येतं. सकाळी आत्या कोपऱ्यावरून पोहे आणवेल. वाफेवर ठेवलेले, बडीशेप घातलेले, वर शेव, कांदा, जिरावन नावाचा मसाला आणि सोबत जिलबी. पहिला घास घेऊन थोडं थांबा. मग म्हणा, ‘‘चांगले आहेत. आमच्याकडे फोडणी जरा खमंग असते.’’ जिलबी बाजूला सारून ‘‘ही जेवणानंतर घेऊ’’ असंही म्हणता येईल. सराफ्याला रात्री सातलाच पोहोचा, मुलांची झोपमोड कशाला. त्या वेळी तिथं खरोखरच सराफांची दुकानं उघडी असतात. ती मिटल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि खरी गंमत दहाच्या पुढे मध्यरात्रीपर्यंत. सात ते दहा या तीन तासांत सौभाग्यवतींची नजर एखाद्या हारावर स्थिरावली, तर या सहलीचा हिशेब पुढची तीन वर्षं चालेल.

गाड्या लागल्या की गराडू मागा. गराडू हा थंडीतला कंद, आणि तुम्ही आलाय मे महिन्यात. ‘‘नाही’’ म्हणाला की ‘‘मग सराफ्याचं एवढं काय कौतुक?’’ असं शेजारच्याला ऐकू जाईल इतपत म्हणा. शिकंजी मागवून तीत लिंबू नाही म्हणून परत करा. इथली शिकंजी दुधाची, घट्ट, सुक्या मेव्याची असते हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, ही चूक सर्वस्वी आत्याच्या मुलाची. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणाऱ्याचा व्हिडिओ अवश्य काढा, दहीवडा त्याला पुन्हा उडवायला लावा, खाऊ मात्र नका, बाधतो. भुट्ट्याच्या किसाला मुलं हात लावणार नाहीत. त्यांना चीज घातलेलं काहीतरी द्या आणि घरी आल्यावर आत्याला मऊ भात टाकायला सांगा. रात्रीचा एक वाजलेला असेल, पण ती जागीच असते.

आणि कचरा. इंदूर २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सलग सात वर्षं पहिलं आलं, पुढेही अव्वलच राहिलं, हे तुम्ही ऐकलं असेल. नसेल तर रिक्षावाला सांगेल, पोहेवाला सांगेल, आत्या सांगेल. कारण इथल्या माणसाला स्वतःचं नाव नंतर आठवतं. तेव्हा कचऱ्याची चिंता तुम्ही करण्याचं कारणच नाही, शहर मुळात स्वच्छ आहे. आत्याकडे ओल्याचे, सुक्याचे, कसकसले डबे मांडलेले दिसतील. आंब्याच्या कोयी, चिप्सची पाकिटं, धाकट्याचं डायपर आणि संपलेले सेल एकाच पिशवीत घालून, तोंडाला घट्ट गाठ मारून, ती सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती उदारपणे द्या. गाडीला सहा कप्पे असतात. तो पिशवी उघडून बघेल आणि अदबीनं परत करेल. मग शेजारपाजारच्या देखत आत्या दारात उभी राहून तुमचा कचरा निवडेल. तुम्ही गॅलरीतून चहा घेत म्हणा, ‘‘आमच्याकडे लोकांना ही शिस्तच नाही हो.’’

तिच्या मराठीचंही कौतुक करायला विसरू नका. ‘‘इतक्या लांब राहून तुमचं मराठी बरंच बरं राहिलंय’’ हे वाक्य चालतं. तिच्या कपाटातल्या दिवाळी अंकांच्या चळतीकडे त्या वेळी पाठ असावी.

निघताना शेव घ्यायची. लवंगेची पाच किलो, साधी पाच किलो. ती बांधून आणायला आत्याच्या मुलाला पाठवा आणि पैशांचा विषय तो परत येईपर्यंत पुढे ढकला. बस सुटताना खिडकीतून आत्याचा हात हातात घ्या आणि आग्रह करा, अगदी मनापासून. ‘‘आता तुम्ही यायचं हं आमच्याकडे. मे महिन्यात आम्ही कुठंतरी बाहेर असतो. पावसाळ्यात घर गळतं. गणपतीत पाहुण्यांची गर्दी, दिवाळीत रंगकाम, मग मुलांच्या परीक्षा. बाकी कधीही या. फक्त आधी महिनाभर फोन करा.’’